गणितात ८४ पर्सेंटाइल असताना ईएक्सटीसी निवडावे का?

कळव्यातील पालक:

नमस्कार. माझ्या मुलीचा एमएचटी-सीईटीचा, म्हणजे इंजिनीअरिंग प्रवेशाच्या राज्य परीक्षेचा, निकाल लागला आहे. पीसीएम गटात तिला एकूण ९०.९ पर्सेंटाइल मिळाले असून विषयवार पाहता भौतिकशास्त्रात ९६.७, रसायनशास्त्रात ९१.८ आणि गणितात ८४.२ असे आकडे आहेत. बारावीला राज्य मंडळाच्या परीक्षेत तिला गणितात ८३ आणि भौतिकशास्त्रात ८८ गुण मिळाले. शिक्षण ठाण्यातच झाले असून आम्ही खुल्या प्रवर्गात येतो.

तिला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे ईएक्सटीसी, हीच शाखा हवी आहे. ही आवड आजची नाही. बंद पडलेला रेडिओ असो वा जुना सेट-टॉप बॉक्स, तो उघडून कोणता भाग कशासाठी आहे हे शोधत ती तासन्‌तास बसते, आणि गेल्या वर्षी तिने सुटे भाग आणून आकाशवाणीचे केंद्र लागेल असा एक साधा रिसीव्हर स्वतः जुळवला होता. त्यामुळे तिच्या इच्छेबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती गुणांबद्दल. ती ज्या क्लासला जात होती तेथे सांगण्यात आले, की गणितात ८४ असतील तर ईएक्सटीसी झेपणार नाही, केटी लागत राहतील, म्हणजे विषय राहून त्यांची परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. त्यापेक्षा आयटी किंवा एआय-डेटा सायन्स घ्यावे, कारण तेथे कोडिंग असते, गणित फारसे नसते. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे याच्या उलट आहे. नव्वदच्या वर मिळाले असताना ईएक्सटीसी घेणे म्हणजे गुण वाया घालवणे, जी सर्वांत वरच्या कटऑफची शाखा मिळेल ती घ्यावी, असे ते म्हणतात.

एकाच गुणपत्रिकेवरून एकाला ही शाखा तिच्या आवाक्याबाहेरची वाटते आणि दुसऱ्याला तिच्या गुणांच्या मानाने हलकी वाटते. तेव्हा एखाद्या शाखेसाठी गुण पुरेसे आहेत की नाहीत, हे नेमके कशावरून ठरवायचे? रोज लोकलने जाऊन येता येईल अशीच कॉलेजे, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईतील, आमच्या विचारात आहेत.

निवृत्त प्राध्यापक, वाशी:

आपल्या प्रश्नात दोन निराळे प्रश्न मिसळले आहेत. त्या शाखेत प्रवेश मिळेल का, हा एक. आणि मिळाल्यावर अभ्यास झेपेल का, हा दुसरा. एकूण पर्सेंटाइल फक्त पहिल्याचे उत्तर देते. कटऑफ हा कॉलेजने आधी ठरवलेला निकष नसतो. त्या जागेवर त्या फेरीत शेवटी ज्याला प्रवेश मिळाला त्याचा तो आकडा असतो. ज्या शाखेकडे ओढा जास्त तिचा कटऑफ वर चढतो, मग ती शाखा अवघड असो वा सोपी. म्हणून कमी कटऑफची शाखा घेतल्याने गुण वाया जातात हे म्हणणे मला मुळातच मान्य नाही. नियमाने लागणारी पात्रता निराळी आणि बरीच खालची आहे: बारावीला भौतिकशास्त्र व गणितासह विहित विषयांत मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के, आणि सीईटीत शून्यापेक्षा अधिक गुण. ती तर आपल्या मुलीने केव्हाच ओलांडली आहे.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गणितातील ८४.२ पर्सेंटाइल म्हणजे ८४ टक्के गुण नव्हेत. तिच्या सत्रात परीक्षेला बसलेल्यांपैकी ८४.२ टक्के विद्यार्थ्यांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय एकूण पर्सेंटाइल ही तीन विषयांची सरासरी नसते. ती एकूण गुणांवरून निघते, आणि २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असल्याने तीन विषयांपैकी गणिताचाच ओढा सर्वांत जास्त असतो. गणितात ८४ असूनही एकूण ९०.९ आले, यावरून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राने तिला किती सावरले ते दिसते.

मंडळाचे ८३ गुण आणि सीईटीचे ८४.२ पर्सेंटाइल यांत विसंगती आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण दोन्ही परीक्षा वेगवेगळी गोष्ट मोजतात. मंडळाच्या उत्तरपत्रिकेत पायऱ्या लिहाव्या लागतात आणि त्यांना गुण असतात. सीईटीत ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. तेव्हा गणिताचा आकडा खाली येण्याची कारणे दोन असू शकतात: विषय कळलेला नाही, किंवा कळलेला आहे पण हात संथ आहे. इंजिनीअरिंगला पहिले कारण जड जाते. दुसरे तितके नाही, कारण विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तर लिहायला पुरेसा वेळ असतो.

यांपैकी कोणते कारण खरे, हे तपासण्याची सोय आपल्या हातात आहे. निकालापूर्वी आक्षेप नोंदवण्यासाठी उमेदवाराच्या लॉगिनमध्ये प्रश्न, तिने निवडलेले पर्याय आणि बरोबर उत्तरे दाखवली जातात. ती प्रत जपून ठेवली असेल तर मुलीला शेजारी बसवून गणिताचे पन्नासही प्रश्न एकेक करून पाहावेत, आणि प्रत्येकापुढे तिनेच लिहावे: स्वतः सोडवला, अंदाजाने खूण केली, की वाचायलाच वेळ मिळाला नाही. हे वर्गीकरण फार मोलाचे आहे. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने सगळेच विद्यार्थी शेवटी उरलेल्या प्रश्नांना खुणा करतात. चार पर्यायांतून डोळे मिटून खुणा केल्या तरी वीस प्रश्नांत सरासरी पाच बरोबर येतात आणि दहा गुण पदरात पडतात. ते गुण विद्यार्थ्याच्या तयारीबद्दल काहीच सांगत नाहीत. म्हणून फक्त स्वतः सोडवलेले प्रश्न घ्यावेत आणि त्यांतील किती बरोबर आले ते पाहावे. त्यानंतर न वाचलेले प्रश्न घड्याळ न लावता तिला सोडवायला द्यावेत.

चूक कोणत्या धड्यात झाली हेही तितकेच पाहण्यासारखे आहे. ईएक्सटीसीमध्ये इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, कॉम्प्लेक्स नंबर आणि व्हेक्टर यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. पहिल्या वर्षी कॉम्प्लेक्स नंबर आणि पार्शियल डिफरन्सिएशन येते, दुसऱ्या वर्षी लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फूरिये सिरीज येतात, आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्स हा विषय याच पायावर उभा असतो. पुढे इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये व्हेक्टर कॅल्क्युलस लागते आणि डिजिटल कम्युनिकेशनमध्ये प्रोबॅबिलिटी. उलट लिनिअर प्रोग्रॅमिंग, पेअर ऑफ लाइन्स किंवा कॉनिक सेक्शनमधील चार प्रश्न चुकले, तर सीईटीचे गुण जातात खरे, पण त्यावरून या शाखेबद्दल निष्कर्ष काढू नये. भौतिकशास्त्राचा आकडा उत्तम आहे. तेथेही एकदा पाहावे, की इलेक्ट्रोस्टॅटिक्स, करंट इलेक्ट्रिसिटी, एसी सर्किट्स आणि सेमीकंडक्टर या धड्यांत ती कशी आहे.

एआय-डेटा सायन्समध्ये गणित नसते, असे ज्यांनी सांगितले त्यांनी त्या शाखेचा अभ्यासक्रम उघडून पाहिला नसावा. मशीन लर्निंगचा गाभाच लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी आणि कॅल्क्युलस हा आहे. गणिताची भीती वाटते म्हणून जो तेथे जाईल त्याला दुसऱ्या वर्षापासूनच अडचण येईल.

आयटी क्षेत्रातील नोकरदार, ऐरोली:

सरांचे विवेचन पटले, तरी एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. माझ्या कंपनीत माझ्याबरोबर काम करणाऱ्यांत ईएक्सटीसी आणि इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर भरपूर आहेत आणि ते सर्वजण सॉफ्टवेअरमध्येच आहेत. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांत बहुसंख्य सॉफ्टवेअरच्या असतात. अखेरीस तेच काम करायचे असेल तर चार वर्षे अँटेना आणि मायक्रोवेव्ह शिकण्यापेक्षा आयटी किंवा कॉम्प्युटर घेऊन तीच वर्षे प्रोग्रॅमिंगला द्यावीत, असे मला प्रामाणिकपणे वाटते. एक मात्र मान्य करतो, की चिप डिझाइन, एम्बेडेड सिस्टिम किंवा टेलिकॉम नेटवर्क यांत ज्याला शिरायचे आहे त्याला आयटीची पदवी घेऊन पुढे ती उणीव भरून काढणे जड जाते.

प्रवेश सुविधा केंद्रात काम केलेला, कोपरखैरणे:

झेपेल का, यावर सरांनी लिहिले आहे. प्रवेश मिळेल का, याबद्दल मी लिहितो, कारण कटऑफची यादी चुकीची वाचल्यामुळे हातची जागा गेलेले पालक दरवर्षी पाहायला मिळतात.

यादीत प्रत्येक जागेचा एक कोड असतो. सुरुवातीचे अक्षर जी असेल तर ती सर्वांसाठीची जागा आणि एल असेल तर मुलींसाठी राखीव. ३० टक्के जागा मुलींसाठी असतात आणि मुलीचा विचार दोन्हीकडे होतो, म्हणून दोन्ही ओळी पाहाव्यात. शेवटचे अक्षर एच, ओ किंवा एस असते. एच म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील उमेदवारांची जागा, ओ म्हणजे त्या क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांची, आणि एस म्हणजे राज्य स्तरावरची. एच आणि ओ यांची वाटणी ७० व ३० टक्क्यांची असते. बारावी ठाण्यात झाली असल्याने मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी आपण एचच्या ओळी वाचायच्या. हाच विचार पुण्याच्या कॉलेजांसाठी करायचा झाला तर मात्र ओची ओळ पाहावी लागेल, आणि तेथेच पुष्कळ जण फसतात. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत मोठा हिस्सा त्या समाजासाठी असतो, त्यामुळे आपल्यासाठी उरणाऱ्या जागा ब्रोशरमधील एकूण संख्येवरून मोजू नयेत.

पर्सेंटाइलशेजारी यादीत गुणवत्ता क्रमांकही दिलेला असतो. माझा भर त्या क्रमांकावर असतो. पीसीएमला चार लाख विद्यार्थी बसले असे धरले तर एका पर्सेंटाइलमध्ये चार हजार विद्यार्थी मावतात, ९०.९ म्हणजे साधारण ३६,४०० जण पुढे. त्यांतील सगळेच इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी नोंदणी करत नाहीत, म्हणून राज्य गुणवत्ता यादी लागली की प्रत्यक्ष क्रमांक याच्या अलीकडे येतो. त्या क्रमांकाची गेल्या वर्षीच्या शेवटच्या क्रमांकांशी तुलना करावी. पहिल्याच फेरीचा कटऑफ पाहून नाउमेद होऊ नये आणि फक्त शेवटच्या फेरीच्या भरवशावरही राहू नये.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ हा पट्टा सोयीचा आहे: दत्ता मेघे, लोकमान्य टिळक, फादर अ‍ॅग्नेल, एसआयईएस, तेरणा. ठाण्यातच घोडबंदर रस्त्यावर ए. पी. शहा आहे. मात्र अलीकडे कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा वाढत चालल्या आहेत आणि इलेक्ट्रॉनिक्सकडच्या जागा काही ठिकाणी कमी झाल्या आहेत, तेव्हा कोठे ईएक्सटीसीच्या किती जागा आहेत हे चालू वर्षाच्या सीट मॅट्रिक्सवरूनच (जागांच्या तक्त्यावरूनच) पाहावे.

प्रवेश अर्जात भरायच्या कॉलेज-शाखांच्या पर्यायांचा क्रम ही सर्वांत काळजीची गोष्ट. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून चार फेऱ्या झाल्या असून पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, की ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणजे पहिल्या सहांत ‘असू दे’ म्हणून भरलेला पर्याय गळ्यात पडू शकतो. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घेऊ, या आशेवर तर मुळीच राहू नये. तशा जागा मोजक्या असतात आणि त्या पहिल्या वर्षाच्या गुणांवर मिळतात.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र मिळण्यासारखे असेल, तर ते आजच काढायला टाकावे. २०२४-२५ पासून कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या अशा मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन भरते.

ईएक्सटीसीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, नेरूळ:

काका, माझ्याही सीईटीत गणिताचे पर्सेंटाइल एकूण पर्सेंटाइलपेक्षा खाली होते, म्हणून लिहिते आहे. पहिल्या वर्षाचे गणित मला जड गेले नाही. कस लागला तो दुसऱ्या वर्षी, कन्व्हॉल्यूशनच्या वेळी. त्यात एक सिग्नल उलटा करून दुसऱ्यावरून हळूहळू सरकवायचा असतो आणि प्रत्येक टप्प्यावर इंटिग्रेशनच्या मर्यादा बदलतात. सूत्र पाठ असून उपयोग होत नाही. प्रत्येक वेळी आकृती काढून मर्यादा ठरवाव्या लागतात, आणि एकच उदाहरण वहीची दोन पाने खाते. ज्यांना आकृती काढायचा कंटाळा होता ते तेथे अडकले, आणि त्यांत सीईटीला गणितात माझ्याहून पुष्कळ पुढे असलेलेही होते. फूरियेचे धडे मात्र प्रयोगशाळेत गेल्यावर खरे कळले, कारण स्क्वेअर वेव्हमध्ये दडलेल्या निरनिराळ्या फ्रिक्वेन्सी तेथे स्क्रीनवर वेगवेगळ्या उभ्या राहिलेल्या दिसतात.

तुमच्या मुलीने रिसीव्हर जुळवला आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. आमच्या वर्गात ब्रेडबोर्डला (सर्किट जुळवून पाहण्याच्या पाटीला) पहिल्यांदाच हात लावणारे बरेच होते. तिला एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर सिग्नल्स अँड सिस्टिम्सची मोफत व्याख्याने मिळतील. पहिली काही आताच ऐकून पाहू दे. सगळे कळले नाही तरी चालेल. पुढचे ऐकावेसे वाटते की नाही, एवढे तिला स्वतःलाच समजेल. आयटीवाल्या दादांनी लिहिले त्यावर एवढेच सांगते, की आम्हालाही प्रोग्रॅमिंग शिकावे लागते, आणि माझ्या वर्गातील ज्यांना सॉफ्टवेअरकडे जायचे आहे ते ईएक्सटीसीत राहूनच त्याची तयारी करत आहेत.

कळव्यातील पालक:

सर्वांचे मनापासून आभार. सर, आक्षेपाच्या वेळी उतरवून ठेवलेली प्रत आमच्याकडे होती, त्यामुळे आपण सांगितल्याप्रमाणे आम्ही पन्नासही प्रश्न पाहिले. तिने स्वतः सोडवलेले ३१ निघाले आणि त्यांतील २३ बरोबर होते. उरलेल्या १९ ना तिने अंदाजाने खुणा केल्या होत्या. त्यांतील ४ बरोबर आले, आणि १४ प्रश्न तर तिने वाचलेलेही नव्हते. सोडवून चुकलेल्या ८ पैकी ३ मध्ये आकडेमोडीची चूक होती आणि ५ मध्ये रीतच ठाऊक नव्हती. ते पाच अकरावीच्या सर्कल व कॉनिक सेक्शनचे आणि बारावीच्या पेअर ऑफ लाइन्सचे होते. न वाचलेले १४ तिला काल संध्याकाळी घड्याळ न लावता दिले, तर ११ बरोबर आले. इंटिग्रेशनचे तीन त्यांतच होते आणि तिन्ही तिने नीट सोडवले, फक्त एकाला तिला सात-आठ मिनिटे लागली. कॉम्प्लेक्स नंबर मात्र कच्चे आहेत असे तीच म्हणते. भौतिकशास्त्रात आपण सांगितलेल्या धड्यांत तिची एकच चूक आहे.

निवृत्त प्राध्यापक, वाशी:

हे फार चांगले केलेत. स्वतः सोडवलेल्या ३१ पैकी २३ बरोबर, आणि वेळ मिळाल्यावर १४ पैकी ११. म्हणजे विषय कळलेला आहे आणि वेग कमी आहे. जे पाच अजिबात आले नाहीत ते ईएक्सटीसीच्या वाटेवरचे धडे नाहीत. माझ्या मते या शाखेसाठी तिची तयारी पुरेशी आहे, आणि क्लासने केवळ ८४ या आकड्यावरून दिलेला सल्ला आपण बाजूला ठेवावा.

वर्ग सुरू होण्यास अजून अवकाश आहे. तेवढ्यात तिने अकरावीच्या पुस्तकातील कॉम्प्लेक्स नंबरचा धडा, आर्गंड आकृती आणि ध्रुवीय रूपासह, पहिल्या उदाहरणापासून शेवटच्यापर्यंत करावा. त्यापाठोपाठ इंटिग्रेशनमधील पार्शियल फ्रॅक्शन आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स. लाप्लास शिकताना नेमकी हीच दोन तंत्रे रोज लागतात.

पर्याय भरताना कोपरखैरण्याच्या सद्‌गृहस्थांनी सांगितलेले ध्यानात ठेवून वरच्या सहा जागांवर आवाक्यातील ईएक्सटीसीचेच पर्याय लिहावेत, आणि तेवढे न भरल्यास इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स. आयटीचे पर्याय त्यांच्या खाली, आणि तेही तिला स्वतःला मान्य असतील तरच. कॉलेज पाहायला जाल तेव्हा ते स्वायत्त आहे की विद्यापीठाचा अभ्यासक्रम चालवते हे विचारावे, आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत चालू स्थितीतील ऑसिलोस्कोप किती आणि एका टेबलावर विद्यार्थी किती, हे तिला आत जाऊन मोजू द्यावे.

कळव्यातील पालक:

होय सर. शनिवारी वाशी आणि नेरूळची कॉलेजे पाहायला आम्ही दोघे जाणार आहोत. पर्यायांची यादी तिलाच करायला सांगितली आहे. गुणवत्ता क्रमांक लागला की तो आणि ती यादी येथेच टाकतो, म्हणजे काही चुकले असेल तर फॉर्म कन्फर्म करण्यापूर्वी सांगता येईल.